इतर हक्क

दाभोळच्या धक्क्याजवळ माझं सेवा केंद्र, आठ बाय दहाचं.
एक प्रिंटर, तोही खाऱ्या वाऱ्यानं दमेकरी.
कादरचाचा मुकादम प्लास्टिकच्या पिशवीत
अख्खी गाडी घेऊन आले:
कोटेशन, पासबुक, आधार, विजेचं बिल
आणि कुवेतचा जुना परवाना. तो उगाच.
बावीस वर्षं तिकडे तेलाचा टँकर चालवला.
"आता तेलाचा वास नको," म्हणाले,
"करंटवरची घेतो. सरकार पैसे परत देतंय म्हणतात."

मी अर्ज उघडला.
पोर्टल फिरत राहिलं
भोवऱ्यात सापडलेल्या सोडणासारखं.
रोड टॅक्स माफ, हे सोपं.
जुनी गाडी भंगारात दिली तर आणखी थोडे.
"जुनी म्हणजे धाकट्याची जीप," चाचा हसले,
"तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.
त्यांच्या पुनर्वसनाचा रकाना आहे का?"

चिपळूणच्या शोरूममधल्या पोरानं
भाडेपट्टा सुचवला होता.
पाच वर्षं वापरा, हप्ता हलका,
बॅटरीचा घोर कंपनीला.
मग अनुदान कुणाला?
मी नियम वाचून दाखवला:
गाडी ज्याच्या नावावर, त्याला.

फेरीबोटीचा भोंगा झाला. चाचा बराच वेळ गप्प.
"माझा बाप खोताची जमीन कसायचा.
भात झोडायचा आणि निम्मं त्याच्या पडवीत नेऊन ओतायचा.
मग कायदा आला. कसेल त्याची.
चालवेल त्याची, असं कुठे लिहिलंय का, बाय?
जरा खाली सरकव."

मी खाली सरकवलं.
खाली मदतवाहिनीचा नंबर होता, तो लागत नाही.

म्हणून कर्ज. म्हणून विकत.

पहिला अर्ज परत आला:
आधारवर अब्दुल कादर, पासबुकात नुसतेच कादर,
विजेच्या बिलावर अजून वडील, वारून एकोणीस वर्षं झालेले.
मी प्रतिज्ञापत्र टाईप केलं,
अब्दुल कादर आणि कादर हे दोन्ही इसम मीच आहे.
सही करताना पेन थांबलं.
"मग दोघांना दोन अनुदानं नाही का मिळणार?"

महिन्यानं वायरमन आला.
त्यानं मीटर पाहिला, मीटरवर वाकलेला माड पाहिला,
म्हणाला, भार वाढवून घ्यावा लागेल.
खाडीपलीकडे वीज कंपनीची धुरांडी दिसतात,
स्वच्छ हवा असेल तर अगदी मोजता येतील इतकी.
वीज तिथे जन्माला येते.
इकडे एक झावळी पडली की जाते.

गाडी आली, पांढरी.
बोटीत चढताना आवाजच नाही.
चंद्रभागा पालशेतकरीण टोपली सावरत मागे वळली,
"अगो बाय, ढकलतायत की काय हिला?"
आणि चाचांनी, टँकरवाल्या चाचांनी,
तोंडानंच हॉर्न वाजवला.

अनुदान?
आधी 'तपासणी सुरू' होतं.
मग 'मंजूर' आलं, हिरव्या अक्षरात. मी चहा मागवला.
मग त्याच्याखाली एक ओळ उगवली:
'निधी उपलब्ध झाल्यानंतर.'

दर शुक्रवारी नमाजनंतर ते येतात.
मी स्थिती बघते, तीस रुपये घेत नाही.
ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली करंदी ठेवतात, मी ती घेते.
हिशेब असा चालू आहे.

काल गाडीचं पुस्तक दाखवलं.
मालक: अब्दुल कादर हसन मुकादम.
खाली बारीक अक्षरात बँकेचा बोजा.
"सातबाऱ्यावरपण असंच होतं," म्हणाले,
"वर बाप, आणि इतर हक्कात सोसायटी.
बापाला वाचता येत नव्हतं.
तरी वरच्या ओळीवरून बोट फिरवायचा.
कागद तेवढ्याच जागी झिजला होता."

मग उठले, पिशवी घडी करून खिशात घातली.
मी खिडकीतून बघत राहिले.
गाडी सुरू झाली की नाही, कळलंच नाही.
बॉनेटवरचं मांजर उडी मारून उतरलं,
म्हणजे झाली असावी.